बिअर्सनं पुस्तक लिहिलं आणि सरकार हललं. मराठवाड्यात कोण लिहिणार?

गोदाकाठ, नांदेड

वाळवी लागली म्हणून वाचनालयाचं जुनं कपाट रिकामं करत होतो, त्यात हे पुस्तक हाती लागलं. क्लिफर्ड बिअर्स नावाच्या अमेरिकन माणसाचं आत्मकथन, ‘अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ’, मूळ १९०८ चं. आतल्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही, म्हणजे आजवर कुणी घरी नेलेलंच नाही. मी दोन रात्रींत संपवलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिअर्स १८९७ साली येल विद्यापीठातून शिकून बाहेर पडला. भावाला फेफरं यायचं. ते बघून ‘आज ना उद्या मलाही येणार’ ही भीती याच्या मनात बसली. नोकरी लागली तरी भीती सुटली नाही. जून १९०० मध्ये त्यानं राहत्या घराच्या वरच्या मजल्यावरून स्वतःला खाली सोडून दिलं. पायाची हाडं मोडली, जीव वाचला. पुढची तीन वर्षं तीन इस्पितळांत गेली. दोन खासगी, पैसे मोजून राहायची, आणि एक सरकारी.

यातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. भेटायला येणारा भाऊ हा आपला भाऊच नाही, त्याचं सोंग घेऊन पोलिसांचा माणूस येतो, अशी त्याची पक्की खात्री झालेली. आपल्याकडं पानिपतानंतर तोतया भाऊसाहेब उभा राहिला. इथं उलटं, खरा भाऊ समोर बसलेला आणि तोच तोतया ठरलेला. दोन वर्षं हा कुणाशी धड बोलला नाही. मग ऑगस्ट १९०२ मध्ये त्यानं दुसऱ्या एका रुग्णाच्या हातून भावाच्या पत्त्यावर चिठ्ठी धाडली: पुढच्या वेळी येशील तेव्हा हीच चिठ्ठी बरोबर घेऊन ये. खरा भाऊ असेल त्याच्याकडंच ती पोचलेली असणार. भाऊ आला आणि त्यानं खिशातून चिठ्ठी काढून हातावर ठेवली. त्या क्षणी दोन वर्षांचा संशय गळून पडला. वैद्य नाही, औषध नाही, स्वतःच काढलेली परीक्षा. मी पुस्तक तिथंच मिटून थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो होतो.

त्यानंतर त्याचं मन दुसऱ्या टोकाला गेलं. बोलणं थांबेना, लिहिणं थांबेना. पुडे बांधायच्या कागदाच्या पट्ट्यांवर फूटच्या फूट पत्रं. त्याला आवरायला हात जखडणारा अंगरखा घातला, ओळीनं कित्येक रात्री. नोकरांनी मारलं, गळा दाबला. दंगेखोर रुग्णांच्या वॉर्डात काय चालतं ते बघायला तो मुद्दाम तिथं जाऊन पडला आणि आतूनच राज्याच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं. १९०३ मध्ये बाहेर आला. १९०८ मध्ये पुस्तक आलं, त्याच वर्षी मे महिन्यात कनेक्टिकट राज्यात मनोआरोग्याची संस्था निघाली आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय समिती. अमेरिकेतली मनोआरोग्याची चळवळ या माणसापासून मोजतात.

आता माझं म्हणणं. आपल्याकडं अहवाल झाले, कायदे झाले. आत राहून आलेल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं, मराठवाड्यातलं, असं पुस्तक मला माझ्या पस्तीस वर्षांच्या ग्रंथपालकीत दिसलं नाही. आत्मकथनांनी मराठी साहित्य ढवळून काढलं, त्यात या मुलुखाचाही वाटा आहे. मग हीच एक गोष्ट गप्प का? ज्यांना सांगायचंय त्यांनी सांगावं. लिहिता येत नसेल तर लेखनिक म्हणून मी बसतो. रिटायर माणूस आहे, वेळच वेळ आहे.

कडबाकुट्टी, गेवराई

सर, राग मानू नका. अमेरिकेत दवाखान्यात मारत होते म्हणून त्यानं पुस्तक लिहिलं. आपल्याकडं दवाखानाच न्हाई, मारणार कोण?

ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. सरकारची चार मनोरुग्णालयं. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात एकबी न्हाई. माझ्या चुलतभावाला गोळ्या आणायला महिन्याला एक दिवस मोडतो, एसटीचं भाडं वायलं, त्याच्यासंगं जाणाऱ्याची मजुरी वायली. तिथं गेल्यावर दोनपैकी एक गोळी बाहेरून घ्या म्हणतेत. तो पुस्तक कामून लिहील? अन् लिहिलं तरी पहिल्या पानावर त्या गोळीचं नाव अन् तिची किंमत लिहील.

गोदाकाठ

पहिल्या पानावर गोळीची किंमत. बाबा रे, असंच पुस्तक मला पाहिजे आहे!

हिमरू, छत्रपती संभाजीनगर

गोदाकाठकाका, तुमचा उत्साह बघून बरं वाटतं, पण शीर्षकातच घोळ आहे. ‘पुस्तक लिहिलं आणि सरकार हललं’ असं झालेलंच नाही.

एक तर बिअर्स कोण होता ते बघा. येलचा पदवीधर, पैसे भरून इस्पितळात राहू शकणारा. छापण्याआधी त्यानं हस्तलिखित कुणाला दाखवलं? विल्यम जेम्सना, त्या काळातल्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या मानसशास्त्रज्ञाला. त्यांचं पत्र पुस्तकाच्या सुरुवातीला छापलंय. अ‍ॅडॉल्फ मायर हे नामांकित मनोविकारतज्ज्ञ सल्ल्याला होते, चळवळीचं ‘मेंटल हायजीन’ हे नावसुद्धा त्यांनीच सुचवलेलं. पुढं हेन्री फिप्ससारख्या पोलादातल्या धनिकाचा पैसा आला. म्हणजे पुस्तकामागं ओळखी, समिती आणि थैली होती. त्याच्याच वॉर्डात त्याच्याइतकाच मार खाणारे, सही न करता येणारे किती असतील? त्यांचं काय झालं ते आपल्याला कळत नाही, कारण त्यांच्या पुस्तकाला जेम्सचं पत्र नाही.

दुसरं, परिणाम. पुस्तकानंतर इस्पितळं रिकामी झाली असं वाटत असेल तर आकडा ऐका. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती, त्यांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा आकडा. पुस्तकानंतर सत्तेचाळीस वर्षांनी! पुढं तो उतरला त्यामागं क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं आणि १९६३ चा समाजाधारित, म्हणजे इस्पितळाबाहेर वस्तीतच उपचार देणाऱ्या केंद्रांचा कायदा आहे.

आणि तिसरं, ज्यावर कुणी बोलत नाही. ‘मेंटल हायजीन’वाल्या बऱ्याच बड्या मंडळींचा ओढा सुप्रजननाकडं होता. ‘मनाची स्वच्छता’ म्हणता म्हणता ‘असल्यांना मुलंच होऊ नयेत’ इथवर गाडी गेली. अनेक राज्यांत सक्तीच्या नसबंदीचे कायदे होते, १९२७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं त्यांवर शिक्का मारला. रुग्णानं सुरू केलेली चळवळ डॉक्टर आणि साहेबांच्या हाती गेली की अशी वाट चुकते. स्वतः बिअर्सचा शेवट कुठं झाला? १९४३ मध्ये, मनोरुग्णालयातच.

कडबाकुट्टीभाऊ, थोडी दुरुस्ती. मराठवाड्यात मनोरुग्णालय होतं. निजामाच्या राज्यात ते जालन्याला होतं, नंतर तिथून हललं आणि हैदराबादच्या एर्रागड्डाला गेलं. आमच्या आजोबांच्या पिढीत कुणी वेड्यासारखं वागलं की ‘याला जालन्याला धाडा’ म्हणत. इमारत गेली, शिवी मागं राहिली.

कडबाकुट्टी

म्हंजे होतं तेबी नेलं. वा.

गोदाकाठ

हिमरू, जालन्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती, टिपून ठेवली. पण शेवटाचं जे सांगितलंत ते अर्धंच सांगितलंत. १९३९ मध्ये तो स्वतःहून दाखल झाला होता. कुणी हातपाय बांधून नेलं नव्हतं. एकोणतिसाव्या वर्षी... चुकलो, सत्ताविसाव्या वर्षी ज्या भिंतींतून सुटला तसल्याच भिंतींत साठी उलटल्यावर आपल्या पायांनी जावंसं वाटलं, याला मी हार म्हणत नाही.

वशिल्याचं म्हणाल तर मान्य. पण वशिला असलेले लाखो होते, लिहिलं एकानं. आणि आपल्याकडच्या आत्मकथनांना कुठला विल्यम जेम्स होता? लातूर जिल्ह्यातल्या उचल्या समाजातल्या लक्ष्मण गायकवाडांना ‘उचल्या’ या आत्मकथनासाठी १९८८ मध्ये साहित्य अकादमी मिळालं. त्यांच्यामागं कोणती थैली होती?

हिमरू

तुम्हीच उदाहरण काढलंत म्हणून विचारतो. अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. ‘उचल्या’ आलं १९८७ मध्ये. म्हणजे कायदा आधी बदलला आणि पुस्तक पस्तीस वर्षांनी आलं. का आलं? कायदा बदलूनही पोलीस पाटी बघूनच उचलत होते म्हणून. पुस्तकानं वाचणाऱ्यांना रडवलं, पोलीस ठाण्यातल्या वहीत किती फरक पडला ते तुम्हीच सांगा.

रात्रपाळी, लातूर

मी ब्रदर आहे, नर्सिंगमध्ये अठरा वर्षं झाली. त्यातली काही वर्षं मानसोपचार वॉर्डात. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही.

पुस्तकानं मंत्रालय हलतं की नाही मला ठाऊक नाही. वॉर्ड हलतो, एवढं माहीत आहे. सांगतो कसं.

रात्री दोनला तरुण पोरगा आणला, अंगावर धावून येत होता. मी आणि आणखी एकानं त्याला कॉटला चादरीनं बांधलं. नियमात काय बसतं, डॉक्टरची लेखी ऑर्डर, दर इतक्या वेळानं गाठ बघणं, नोंद, हे सगळं आम्हाला शिकवलेलं होतं. त्या रात्री आम्ही दोघं आणि चाळीस पेशंट. नोंद सकाळी केली, सगळी एकदम, एकाच पेनानं.

तीन-चार वर्षांनी गंजगोलाईत तो भेटला. त्यानंच ओळखलं. चहा पाजला. रागावेल असं वाटलं होतं, रागावला नाही. म्हणाला, ‘‘बांधलं त्याचं मला काही नाही ब्रदर. मी मारत होतो. पण तुम्ही दोघं मला बांधत होता आणि मॅचचं बोलत होता. कोण आउट झाला, कोण राहिला. मी कॉटवर होतो की गाठोडं होतो?’’

मला ती मॅच आठवत नाही. त्याला स्कोअर पाठ होता.

त्या दिवसापासून मी बांधायची वेळ आली तर पेशंटशी बोलतो. नाव घेऊन सांगतो की हात बांधतोय, अर्ध्या तासानं बघायला येतो. येतोसुद्धा. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं. अठरा वर्षांत एक पेशंट माझ्याशी असं बोलला. असे पन्नास बोलले असते तर? म्हणून मी काकांच्या बाजूनं.

सिंदफणा, बीड जिल्हा

इतका वेळ वाचत होतो. लिहिणार नव्हतो.

माझा धाकटा भाऊ बारा वर्षं आजारी आहे. गावात आम्ही सांगतो, तो पुण्याला कंपनीत आहे. तो मागच्या खोलीत असतो. दोन बहिणींची लग्नं याच खोट्यावर झाली. तुम्ही आम्हाला नावं ठेवा. पण सोयरिकीला येणारा माणूस आधी विचारतो, घराण्यात कुणी ‘तसं’ आहे का. बहिणीला नांदवायचं की भावाचं नाव छापायचं, हे ज्याला ठरवायचंय त्यालाच कळतं.

काकांना एकच विचारतो. या पुस्तकांत घरचे कोण असतात? बांधणारे. खोटं बोलून गाडीत बसवणारे. गोळी चहातून देणारे. आम्ही हे सगळं केलंय. पायात साखळीसुद्धा घातली, हो, घातली. घरापासून विहीर शंभर पावलांवर आहे आणि माझी आई सत्तर वर्षांची आहे. दर्ग्यावर नेलं, तिथं गुरुवार केले. मांत्रिकानं लिंबं कापली, बाराशे रुपये घेतले. मग डॉक्टर. डॉक्टर आधी का नाही, हे विचारणारे शहरात असतात.

भावानं पुस्तक लिहिलं तर त्यात मी खलनायक असणार. आणि तो खोटंही लिहिणार नाही. माझं पुस्तक कोण लिहिणार?

कडबाकुट्टी

दादा, तुमचं वाचून जेवण गेलं न्हाई. नंबर द्या, गोळ्यांना जाताना दोघं संगं जाऊ, गेवराईवरून एकच गाडी करू.

गोदाकाठ

सिंदफणादादा, मी लेखनिक म्हणून बसतो म्हणालो ते फक्त रुग्णांसाठी नव्हतं. तुमच्यासाठीही बसेन. नाव, गाव काही नको. पण तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, ते आहे असं दाखवत नाही. बिअर्सच्या पुस्तकातला तो भाऊ, चिठ्ठी घेऊन येणारा, त्याचीही बाजू आपल्याला बिअर्सच्याच तोंडून कळते. दोन वर्षं तोतया म्हणवून घेऊन तो येत राहिला. त्यानं काही लिहिलं असतं तर मला वाचायला आवडलं असतं.

आंबाजोगाईकर

मी वकिली करते. कौटुंबिक खटले जास्त. त्यामुळं सिंदफणादादांची भीती रोज ऐकते आणि ती खरी आहे. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. सासरचे लोक गोळ्यांची पाकिटं, डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवतात, पुरावा म्हणून. बाईनं स्वतःच्या नावानं पुस्तक छापलं तर उद्या ते पुस्तकच कागदपत्रांच्या यादीला जोडलेलं दिसेल. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही.

पण अर्धवट भीती घालू नये म्हणून पुढचंही सांगते. नुसतं ‘आजार आहे’ एवढ्यावर घटस्फोट मिळत नाही. तो इतका असावा लागतो की जोडीदारानं एकत्र राहावं ही अपेक्षाच रास्त ठरू नये. स्किझोफ्रेनिया असं नुसतं नाव लागलं म्हणून भागत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८८ मध्येच सांगितलंय. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो, एखाद्याला मनोविकार आहे एवढ्यावरून तो ‘अनसाउंड माइंड’, म्हणजे कायद्याच्या नजरेत वेडा, ठरत नाही, ते कोर्टानं ठरवावं लागतं.

आता मूळ वादावर. काका, आपल्या देशात कायदा पुस्तकानं नाही, आगीनं हलला. ६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका झोपडीवजा आश्रमाला पहाटे आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली. २८ मेली. सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेतली. ‘साखळदंड घालू नये’ हे आजच्या कायद्यात, ९५ व्या कलमात, शब्द घालून लिहिलंय. भूल न देता शॉक द्यायलाही तिथंच बंदी आहे. १९१२ च्या इंग्रजी ‘लुनसी’ म्हणजे वेडेपणाच्या कायद्यापासून इथवर यायला शंभर वर्षं लागली आणि त्यात मला आत्मकथन दिसत नाही. आग, कोर्ट आणि आपण २००७ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार, हे दिसतं.

हिमरूंना मात्र इथं एक टोचते. तो करार घडत असताना खोलीत कोण बसलं होतं? जगभरचे अपंग आणि मनोरुग्णालयांतून बाहेर आलेली माणसंही. ‘आमच्याविना आमच्याबद्दल काही नको’ ही घोषणा त्याच चळवळीची. आणि मानसिक आरोग्यावर काम करणारी पुण्याची बापू ट्रस्ट ही संस्था भार्गवी दावर यांनी काढली, तिचं नाव त्यांच्या आईवरून आहे, आणि ती आई मनोरुग्णालयात राहिलेली होती. पुस्तक नसेल, पण अनुभव खोलीत होता.

हिमरू

ही टोचणी मान्य. अनुभव खोलीत हवा, याला माझा विरोध कधीच नव्हता. माझा विरोध ‘एक शूर माणूस लिहितो आणि जग बदलतं’ या गोष्टीला आहे. त्या गोष्टीत बाकीचे सगळे टाळ्या वाजवायला मोकळे होतात. वाचनालयात प्रकाशन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, आणि कडबाकुट्टीभाऊंच्या चुलतभावाची दुसरी गोळी बाहेरूनच.

बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा आकडा बघा. मनोविकारांच्या वेगवेगळ्या प्रकारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. बिअर्सला वाईट उपचार मिळाले. आपला प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

कडबाकुट्टी

उपचारावरून सांगतो. प्रेरणा प्रकल्प म्हणून सरकारनं आत्महत्यावाल्या जिल्ह्यांत काढलं, चांगलंच केलं. आशाताई कागद घेऊन आल्या. ओळखीच्याच, गल्लीतल्या. विचारलं, झोप लागते का, उदास वाटतं का, कामात मन लागतं का. मी म्हणलं ताई, सोयाबीनचा भाव सांगू का. त्या हसल्या, मी हसलो, कागदावर ‘नाही’ लिहून गेल्या.

पण त्या दिवशी मला खरंच झोप लागत नव्हती. दोन म्हैने लागत नव्हती. गल्लीतल्या बाईला कसं सांगावं? रातच्याला तिचा नवरा पारावर मलाच भेटतो.

हे कुठं लिहिलं न्हाई मी याच्याआधी.

रात्रपाळी

भाऊ, १४४१६. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारी फोनसेवा. फुकट आहे, गल्लीतलं कुणी नसतं. आता लागते का झोप?

कडबाकुट्टी

आता लागते. पाऊस पडल्यावर लागली, खरं सांगतो. नंबर घेतला.

मोसंबी, जालना

ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललंय त्यांच्यातली मी. दोनदा दाखल होते, एकदा सतरा दिवस, एकदा दीड महिना. आता शिवणकाम करते, गोळ्या चालू आहेत, बरी आहे.

काकांचं पोस्ट वाचून आधी आनंद झाला, मग चिडले. चिडले कशावर ते सांगते. बिअर्सला सगळं आठवत होतं. कुणी काय म्हणालं, कुठल्या तारखेला, जेवणात काय होतं. मला आठवत नाही. पहिल्या वेळचे सतरा दिवस माझ्याकडं नाहीतच. फाटलेल्या वहीसारखे. आई सांगते मी तिला ओळखलं नाही. भाऊ सांगतो मी त्याला चावले. मामी सांगते मी गाणं म्हणत होते, आणि कुठलं ते सांगत नाही, हसते. तिघांच्या तीन गोष्टी. मी लिहायला बसले तर कुणाचं लिहू?

त्यामुळं सिंदफणादादा, घाबरू नका. माझ्या गोष्टीत खलनायक कोण ते मलाच माहीत नाही.

आणि हिमरूदादा, तुम्ही म्हणता आधी गोळी, मग पुस्तक. गोळी मिळते मला. गोळी मिळाल्यावर माणसाला काही नकोच असतं का? मला ते सतरा दिवस पाहिजेत. पुस्तक काढायला नाही. छापायची हौस नाही, नाव तर मुळीच नाही. मला बांधलं होतं का, शॉक दिला होता का, दिला तर कुणाच्या सहीनं, एवढं मला कळायला पाहिजे. दवाखान्यात एकदा विचारलं होतं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, ‘‘कशाला उकरता बाई, बऱ्या झालात ना.’’ परत आले.

तुम्ही सगळे विचारताय मराठवाड्यात कोण लिहिणार. लिहून ठेवलेलं आधीच आहे. फाइलमध्ये. ते आम्हाला कुणी दाखवत नाही.

गोदाकाठ

ताई, तीनदा वाचलं. ‘कोण लिहिणार’ हे शीर्षक मी दिलं, त्याची लाज वाटली. बदलता येत नाही, नाहीतर आत्ता बदललं असतं.

हिमरू

ताई, ‘गोळी मिळाल्यावर काही नकोच असतं का’ याला माझ्याकडं उत्तर नाही. माझं चुकलं.

आंबाजोगाईकर

मोसंबीताई, खिडकीवरचा माणूस चूक बोलला. २०१७ च्या त्याच कायद्याचं २५ वं कलम आहे. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी बघायचा हक्क रुग्णाचा आहे. २०१८ च्या नियमांत त्यासाठी अर्जाचा नमुना दिलाय आणि १५ दिवसांत नोंदी द्यायच्या आहेत. एखादी गोष्ट तुम्हाला दाखवली तर गंभीर अपाय होईल असं तिथल्या डॉक्टरांना वाटलं तर तेवढी ते रोखू शकतात. पण रोखली तर तसं तुम्हाला सांगावं लागतं, आणि मग याच कायद्यातल्या मानसिक आरोग्य आढावा मंडळाकडं दाद मागता येते. खिडकीवर नाही, प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज करायचा. आवक-जावकला द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ती प्रत सांभाळा.

रात्रपाळी

एक आतली गोष्ट सांगू का ताई. नुसता डिस्चार्ज कार्ड देऊन बोळवण करतील. अर्जात स्पष्ट लिहा: नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, बांधल्याची नोंद, शॉकचं संमतीपत्र. वेगवेगळ्या ओळीत. नोट्स एकाच पेनानं एकदम लिहिलेल्या दिसल्या तर काय झालं असेल ते मी वर सांगितलंय.

सिंदफणा

ताई, एक विचारू? तुमच्या भावानं तुम्हाला गाडीत कसं बसवलं होतं, काय सांगून?

मोसंबी

शिर्डीला जायचंय म्हणून. ते आठवतंय. मी नवीन साडी नेसले होते.

रागावले नाही त्याच्यावर. पण पुढच्या वर्षी खरंच शिर्डीला ने म्हणलं. नेलं त्यानं.

वकीलताई, अर्ज मराठीत चालतो का?

आंबाजोगाईकर

चालतो. उद्या मजकूर करून देते. दाखल झाल्याची तारीख पाहिजे, साधारण असली तरी चालेल.

मोसंबी

तारीख आईला ठाऊक आहे. त्या दिवशी पोळा होता.